मृगचर्म

मृगचर्म म्हणजे हरणाचे कातडे, विशेषतः प्रक्रिया करून मऊ व टिकाऊ केलेले कातडे. वस्त्रे, पादत्राणे, हातमोजे, चिलखताचे भाग, ग्रंथलेखन, आसने आणि धार्मिक विधी अशा अनेक कामांसाठी जगाच्या निरनिराळ्या भागांत त्याचा उपयोग होत आला आहे. उत्तर अमेरिकेतील मूलनिवासी लोकांची वेशभूषा, जपानमधील इंडेन ही हस्तकला, आल्प्स पर्वतप्रदेशातील चामडी विजारी आणि भारतातील कृष्णाजिन ही त्याची विशेष परिचित उदाहरणे होत. सतराव्या व अठराव्या शतकांत मृगचर्म हा आंतरराष्ट्रीय व्यापाराचा मोठा माल बनला. या व्यापारामुळे हरणांची संख्या घटलीच, शिवाय शिकार करणाऱ्या समाजांवर कर्जाचा बोजा चढून त्यांच्या जमिनीही गेल्या.

संज्ञा

वैदिक संस्कृतात 'मृग' या शब्दाचा अर्थ कोणताही वन्य पशू असा व्यापक होता. 'मृगया' (शिकार) आणि 'मृगेंद्र' (सिंह) या शब्दांत तो अर्थ अद्याप टिकून आहे. पुढे हा शब्द हरणापुरता रूढ झाला. केसांसह राखलेल्या कातड्यास संस्कृतात 'अजिन' म्हणतात. या शब्दाची व्युत्पत्ती 'अज' म्हणजे बोकड या शब्दाशी जोडली जाते. काळविटाच्या कातड्यास 'कृष्णाजिन' अशी संज्ञा आहे. मराठीत साधारणतः प्राण्याच्या अंगावरून काढलेल्या त्वचेस 'कातडे' आणि कमावलेल्या त्वचेस 'चामडे' म्हटले जाते. तथापि बोलण्यात दोन्ही शब्द एकमेकांच्या जागी येतात.

प्राणिशास्त्राच्या दृष्टीने हरणे (सर्व्हिडी कुल) आणि कुरंग (बोव्हिडी कुलातील काही प्राणी) हे वेगळे गट आहेत. चितळ, सांबर, भेकर व बारशिंगा ही खरी हरणे होत. त्यांच्या नरांची शिंगे दरवर्षी गळून पुन्हा उगवतात. काळवीट व चिंकारा हे कुरंग असून त्यांची शिंगे आयुष्यभर टिकतात. लोकव्यवहारात मात्र या सर्वांस हरीणच म्हटले जाते. त्यामुळे भारतीय परंपरेतील 'मृगाजिन' हे बहुधा खऱ्या हरणाचे नसून काळविटाचे असते.

रचना व गुणधर्म

प्राण्याच्या त्वचेत बाह्यत्वचा, अंतस्त्वचा आणि तिच्याखालील मांसल पडदा असे थर असतात. चामडे अंतस्त्वचेपासून तयार होते. ही त्वचा मुख्यतः कोलॅजेन या प्रथिनाच्या परस्परांत गुंतलेल्या तंतूंची बनलेली असते. गाईबैलांच्या कातड्यात हे तंतू घट्ट विणीचे असतात, तर हरणाच्या कातड्यात त्यांची वीण तुलनेने सैल असते. म्हणून हरणाचे चामडे हलके, लवचिक व ताणले जाणारे होते आणि अंगाच्या हालचालीस अडथळा करीत नाही. त्यातून हवा खेळते. जाड तळव्यांसाठी, खोगिरांसाठी किंवा घोड्याच्या साजासाठी ते फारसे योग्य ठरत नाही. पण अंगास लागून राहणाऱ्या वस्त्रांसाठी ते उत्तम मानले जाते. चामड्याचे बहुतेक पारंपरिक उपयोग त्याच्या या गुणांवरूनच ठरलेले दिसतात.

कच्चे कातडे ओले राहिल्यास कुजते आणि नुसते वाळविल्यास फळीसारखे कडक होते. या दोन्ही गोष्टी टाळण्यासाठी केलेल्या प्रक्रियेस कातडे कमावणे असे म्हणतात.

कमावण्याच्या पद्धती

मेंदू व धुराची पद्धत : ही पद्धत उत्तर अमेरिकेत विशेष प्रगत झाली. प्रथम कातड्याच्या आतल्या बाजूस चिकटलेले मांस व चरबी हाडाच्या किंवा दगडाच्या धारदार साधनाने खरवडून काढतात. नंतर कातडे काही दिवस पाण्यात किंवा लाकडाच्या राखेच्या पाण्यात भिजवितात. राखेतील अल्कलीमुळे केस सैल होतात व तंतू फुगतात. मग कातडे गुळगुळीत ओंडक्यावर टाकून केस आणि त्यांच्याबरोबर त्वचेचा वरचा दाणेदार थरही खरवडला जातो. हा थर काढल्यामुळे पुढील द्रव्ये आतपर्यंत मुरतात आणि चामड्याच्या दोन्ही बाजू मखमलीसारख्या होतात.

धुऊन पिळलेल्या कातड्यास त्यानंतर कोमट पाण्यात कालवलेला प्राण्याचा मेंदू चोळतात. मेंदूमधील लेसिथिन हे द्रव्य चरबी आणि पाणी यांचे एकजीव मिश्रण घडवून आणते. त्यामुळे स्निग्धांश प्रत्येक तंतूभोवती पसरतो. पुढची पायरी सर्वांत कष्टाची असते. कातडे पूर्ण वाळेपर्यंत सतत ओढावे, ताणावे व चोळावे लागते. मध्येच थांबल्यास तंतू एकमेकांस चिकटून ते पुन्हा ताठ होते.

या टप्प्यावर चामडे पांढरे व अतिशय मऊ असते, परंतु भिजल्यास ते पुन्हा कडक होते. म्हणून ते पिशवीसारखे शिवून कुजक्या लाकडाच्या धुमसत्या धुरावर धरतात. धुरातील अल्डिहाइड वर्गातील संयुगे कोलॅजेनच्या तंतूंमध्ये स्थायी बंध निर्माण करतात. असे धुरवलेले चामडे भिजून वाळले तरी थोडेसे चोळताच पूर्ववत मऊ होते. त्याचा फिकट पिवळ्यापासून गडद तपकिरीपर्यंतचा रंग आणि विशिष्ट वास धुरामुळेच येतो. रसायनशास्त्राच्या अर्थाने कातडे 'कमावले' जाते ते या धुराच्या टप्प्यातच. मेंदूचे काम तंतूंना वंगण देण्याचे असते.

तेलाची पद्धत : युरोपात कातड्यात माशाचे तेल कुटून मुरविण्याची पद्धत रूढ होती. हवेतील ऑक्सिजनशी संयोग पावून हे तेल तंतूंशी जोडले जाते. असे चामडे धुता येते व पाणी चांगले शोषते. याच पद्धतीने तयार होणारे शॅमॉय चामडे काच व धातू पुसण्यासाठी सर्वपरिचित आहे.

वनस्पतिजन्य पद्धत : झाडांच्या साली व फळे यांतील टॅनिन वापरून कातडे कमावण्याची पद्धत जगात सर्वत्र आढळते. महाराष्ट्रात बाभूळ व तरवड यांच्या साली आणि हिरडा हे या कामाचे नेहमीचे पदार्थ होत. गुरांच्या जाड कातड्यांसाठी ही पद्धत मुख्यत्वे वापरली जाते.

पारंपरिक उपयोग

उत्तर अमेरिका

पांढऱ्या शेपटीचे हरीण आणि एल्क यांची कातडी हा उत्तर अमेरिकेतील अनेक मूलनिवासी समाजांच्या वेशभूषेचा आधार होता. अंगरखे, पायांवरील आवरणे, स्त्रियांचे पायघोळ झगे, पिशव्या, तान्ह्या मुलांच्या पाळण्यांची आच्छादने आणि 'मोकॅसिन' नावाचे मऊ जोडे त्यापासून बनत. मोकॅसिन हा शब्द अल्गॉन्कियन भाषासमूहातून इंग्रजीत आला. मैदानी प्रदेशातील स्त्रियांचा झगा दोन किंवा तीन संपूर्ण कातड्यांचा असे आणि कातड्याच्या मूळ आकारावरूनच त्याची ठेवण ठरे. शिवणकामासाठी प्राण्यांच्या कंडरांचे चिवट तंतू वापरीत. साळिंदराच्या रंगविलेल्या काट्यांनी केलेले भरतकाम ही जुनी सजावट होती. युरोपीय व्यापाऱ्यांनी काचेचे मणी आणल्यावर मणीकामही वाढले. बहुतेक समाजांत शिकार पुरुष करीत, तर कातडी कमावणे व शिवणे हे स्त्रियांचे काम असे.

या वस्त्रांपैकी सर्वांत जुन्या उपलब्ध नमुन्यांत ऑक्सफर्ड येथील ॲशमोलियन संग्रहालयातील 'पौहॅटनचे प्रावरण' या नावाने ओळखली जाणारी वस्तू मोडते. हरणाची चार कमावलेली कातडी कंडरेच्या धाग्याने जोडून ती तयार केलेली आहे. लहान शंखांच्या मण्यांनी तिच्यावर मध्यभागी मानवाकृती, तिच्या दोन्ही बाजूंस एकेक प्राणी आणि भोवती वर्तुळे रेखाटली आहेत. इंग्लंडमधील ट्रेडस्कँट संग्रहाच्या १६५६ च्या सूचीत व्हर्जिनियाचा राजा पौहॅटन याचा वेश म्हणून तिची नोंद आहे. ती प्रत्यक्षात वस्त्र होती की अन्य उपयोगाची, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत.

युरोपीय वसाहतकारांनी व प्रवाशांनीही हा पोशाख स्वीकारला. लुईस आणि क्लार्क यांच्या मोहिमेने १८०५-०६ चा हिवाळा पॅसिफिक किनाऱ्याजवळील क्लॅटसॉप किल्ल्यात काढला. तेथे परतीच्या प्रवासासाठी मोहिमेतील लोकांनी एल्क व हरणांच्या कातड्यांचे ३०० हून अधिक मोकॅसिन जोड शिवले. पातळ चामड्याचे हे जोडे खडकाळ वाटेवर लवकर झिजत असल्याने एवढा साठा आवश्यक होता.

काही समाजांत मृगचर्मास धार्मिक महत्त्वही आहे. अपाचे मुलींच्या वयात येण्याच्या सोहळ्यात ते वापरले जाते. नॅव्हाहो विधींसाठी शस्त्राची जखम न झालेल्या हरणाचे कातडे पवित्र मानले जाते.

मेक्सिको

स्पॅनिश आक्रमणापूर्वी मेक्सिकोतील मिश्टेक व अन्य लोक हरणाच्या कातड्याच्या लांब पट्ट्यांवर चित्रलिपीत वंशावळी, युद्धे व पंचांगे नोंदवीत. पट्ट्यांवर पांढरा लेप देऊन त्यावर रंगकाम केले जाई आणि त्यांच्या पंख्यासारख्या घड्या घालून ग्रंथ तयार होई. लंडनच्या ब्रिटिश संग्रहालयातील झूश-नटॉल हस्तलिखित हरणाच्या कातड्याच्या १६ पट्ट्या जोडून केलेले असून त्याची लांबी ११ मीटरहून अधिक आहे. विजयानंतरच्या काळात असे ग्रंथ मोठ्या प्रमाणावर नष्ट केले गेले. त्यामुळे उरलेल्या थोड्या हस्तलिखितांना इतिहासाची साधने म्हणून असाधारण मोल आहे.

युरोप

आल्प्स पर्वतात १९९१ मध्ये सापडलेल्या, सुमारे ५,३०० वर्षांपूर्वीच्या 'ओत्झी' या हिममानवाजवळ चामड्याचा भाता होता. जनुकीय तपासणीत तो रो जातीच्या हरणाच्या कातड्याचा असल्याचे आढळले. बव्हेरिया व ऑस्ट्रियामधील 'लेडरहोजन' या गुडघ्यापर्यंतच्या पारंपरिक विजारींसाठी तेलाने कमावलेले हरणाचे चामडे श्रेष्ठ समजले जाते. अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये घोडेस्वारांच्या व कष्टकऱ्यांच्या विजारी, हातमोजे आणि पुस्तकबांधणी यांसाठी मृगचर्माला मोठी मागणी होती.

जपान

जपानमधील सामुराई योद्ध्यांच्या चिलखतात लोखंडी पट्ट्यांबरोबर नक्षीदार मृगचर्माचा वापर होई. धनुर्विद्येतील 'युगाके' हा हातमोजा आजही हरणाच्या चामड्याचा असतो. यामानाशी प्रांतातील कोफू शहर 'कोशू इंडेन' या कलेसाठी प्रसिद्ध आहे. त्यात रंगविलेल्या मृगचर्मावर कागदी साच्यांच्या साहाय्याने लाखेची उठावदार नक्षी काढतात. चतुर हा कीटक मागे फिरत नाही अशा समजुतीमुळे योद्ध्यांना प्रिय असलेली चतुराची आकृती या नक्षीत वारंवार दिसते. गवताच्या धुराने चामड्यावर रंग चढविण्याची 'फुसुबे' ही पद्धतही प्रचलित आहे. 'इंडेन' हे नाव 'भारतातून आलेले' अशा अर्थाच्या जपानी शब्दांवरून पडल्याचे सांगितले जाते. जपान सरकारने १९८७ मध्ये कोशू इंडेनला पारंपरिक हस्तकलेचा दर्जा दिला.

भारतीय परंपरा

भारतात मृगचर्माचे महत्त्व वस्त्रापेक्षा विधी व तपश्चर्या यांच्याशी निगडित राहिले. शतपथ ब्राह्मणात कृष्णाजिन हे यज्ञाचे प्रतीक मानले आहे. दर्शपूर्णमास यागात उखळाखाली कृष्णाजिन अंथरून त्यावर हविर्द्रव्याचे धान्य कांडले जाई, जेणेकरून सांडलेला कण भूमीवर न पडता यज्ञातच राहील. सोमयागाच्या दीक्षेतही यजमान कृष्णाजिनावर बसतो. जेथे कृष्णसार मृग स्वाभाविकपणे वावरतो तो देश यज्ञास योग्य, असे मनुस्मृतीत सांगितले आहे. काळवीट हा मोकळ्या गवताळ प्रदेशाचा प्राणी असल्याने या वचनातून त्या काळच्या भूप्रदेशाचीही कल्पना येते.

उपनयन संस्कारात बटूने धारण करावयाच्या वस्तूंत मेखला, दंड व अजिन यांचा समावेश आहे. मनुस्मृतीनुसार ब्राह्मण बटूस काळविटाचे, क्षत्रियास रुरू मृगाचे आणि वैश्यास बोकडाचे अजिन विहित आहे. अर्थात वस्त्राची निवडही वर्णव्यवस्थेने ठरवून दिलेली होती. एकीकडे अजिन पवित्र मानले जात असताना, दुसरीकडे मेलेल्या गुरांची कातडी सोलून कमावणाऱ्या जातींना अस्पृश्य ठरविण्यात आले, हा विरोधाभास भारतीय समाजेतिहासात उल्लेखनीय आहे.

भगवद्गीतेच्या सहाव्या अध्यायात ध्यानासाठी दर्भ, अजिन व वस्त्र यांचे आसन सांगितले आहे. बौद्ध शिल्पांत अवलोकितेश्वराच्या डाव्या खांद्यावर अजिन दाखविण्याची पद्धत असून वेरूळ व औरंगाबाद येथील लेण्यांत अशा मूर्ती आहेत. रामायणातील मारीच राक्षसाच्या कथेत सीतेला सुवर्णमृगाचा मोह पडतो. वाल्मीकीच्या काव्यात त्या कातड्यावर बसण्याची तिची इच्छा आहे, तर महाराष्ट्रात रूढ असलेल्या कथेत तिला त्याची कंचुकी हवी असते.

व्यावहारिक उपयोगांत सांबराचे चामडे महत्त्वाचे होते. ब्रिटिश राजवटीत सांबराच्या मऊ चामड्याचे बूट शिकाऱ्यांमध्ये लोकप्रिय होते, कारण त्यांचा चालताना फारसा आवाज होत नसे.

व्यापार व त्याचे परिणाम

घरगुती गरजेपुरती शिकार होत असताना कातड्यांच्या संख्येला आपोआप मर्यादा होती. दूरच्या बाजारपेठेशी संबंध आल्यावर ती मर्यादा उरली नाही. तैवान आणि अमेरिकेचा आग्नेय भाग या दोन ठिकाणी ही प्रक्रिया विशेष स्पष्ट दिसते.

तैवानवर १६२४ ते १६६२ या काळात डच ईस्ट इंडिया कंपनीचा अंमल होता. कंपनी तेथील सिका हरणांची कातडी जपानला पाठवी. १६३८ मध्ये ही निर्यात सुमारे १,५०,००० कातड्यांवर पोहोचली. हरणे झपाट्याने घटू लागल्याने कंपनीलाच खड्ड्यांच्या सापळ्यांवर निर्बंध घालावे लागले. पुढील शतकांत शिकारीबरोबर शेतीचा विस्तारही होत गेला आणि १९६९ च्या सुमारास तैवानी सिका हरीण निसर्गातून नाहीसे झाले. पाळीव कळपांतील हरणांच्या आधारे १९८० च्या दशकापासून केंटिंग राष्ट्रीय उद्यानात त्यांचे पुनर्वसन सुरू झाले.

अमेरिकेत चार्ल्सटाउन (आजचे चार्ल्सटन) हे बंदर या व्यापाराचे केंद्र होते. अठराव्या शतकाच्या आरंभी कॅरोलायनातून इंग्लंडला दरवर्षी सरासरी ५०,००० हून अधिक कातडी जात. त्याच शतकात युरोपात गुरांमध्ये पसरलेल्या साथींमुळे गुरांच्या कातड्यांचा तुटवडा पडला व ही मागणी आणखी वाढली. क्रीक, चेरोकी, यामासी इत्यादी लोक कातड्यांच्या मोबदल्यात बंदुका, दारूगोळा, लोकरी कापड, लोखंडी भांडी आणि रम घेत. हा माल हंगामापूर्वी उधारीवर मिळे आणि शिकारीनंतर फेड होई. व्यापारी काटामापात व दरात फसवणूक करीत असल्याच्या तक्रारी वसाहतीच्या नोंदींत वारंवार येतात. १७११ च्या सुमारास यामासी लोकांवरील कर्ज १,००,००० कातड्यांइतके झाले होते. ही कर्जे व त्यांच्या वसुलीसाठी लोकांना गुलाम म्हणून पकडण्याची भीती ही १७१५ मध्ये सुरू झालेल्या यामासी युद्धाची प्रमुख कारणे मानली जातात.

पुढे कर्जाची फेड जमिनीच्या रूपाने होऊ लागली. १७७३ च्या ऑगस्टा येथील तहान्वये क्रीक व चेरोकी यांनी व्यापाऱ्यांचे देणे फेडण्यासाठी जॉर्जियातील २० लाखांहून अधिक एकर प्रदेश सोडून दिला. फ्लोरिडात पँटन, लेस्ली आणि कंपनी या पेढीच्या कर्जापोटी क्रीक व सेमिनोल लोकांनी १८०४ मध्ये १० लाखांहून अधिक एकर जमीन दिली. हरणे विरळ झाल्याने कातडी देऊन कर्ज फेडणे अशक्य होत गेले आणि जमीन गेल्याने शिकारीचे क्षेत्रही आक्रसले. गरजेची वस्तू असलेले मृगचर्म अशा रीतीने परावलंबनाचे साधन ठरले.

या व्यापाराची एक खूण भाषेत उरली आहे. डॉलरसाठी बोलीभाषेत वापरला जाणारा 'बक' हा शब्द नर हरणाच्या कातड्यावरून आल्याचे मानले जाते. सरहद्दीवरील देवघेवीत कातडे हेच मूल्यमापनाचे एकक होते.

संरक्षण व सद्यस्थिती

विसाव्या शतकाच्या प्रारंभी अमेरिकेतील पांढऱ्या शेपटीच्या हरणांची संख्या काही लाखांवर आली होती. १९०० च्या लेसी कायद्याने बेकायदा मारलेल्या प्राण्यांच्या आंतरराज्य व्यापारास बंदी केली. शिकारीवरील हंगामी निर्बंध, परवाना पद्धती व पुनर्वसन यांमुळे ही संख्या पुन्हा कोट्यवधींत गेली. आज तेथे नियंत्रित शिकारीतून मिळणारी कातडी हातमोजे व पादत्राणे यांसाठी वापरली जातात. व्यापारी उत्पादनात क्रोमियमच्या क्षारांनी कमावण्याची जलद पद्धत रूढ असली, तरी अनेक मूलनिवासी समाजांत मेंदू व धुराची पद्धत जतन केली जात असून नव्या पिढीला शिकविली जात आहे.

भारतात वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये काळवीट, चिंकारा, सांबर, चितळ इत्यादींची शिकार करणे आणि त्यांच्या कातड्यांची खरेदी-विक्री करणे हा गुन्हा आहे. काळविटास या कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत सर्वोच्च संरक्षण आहे. महाराष्ट्रात अहिल्यानगर जिल्ह्याच्या कर्जत तालुक्यातील रेहेकुरी अभयारण्य १९८० मध्ये काळविटांसाठी स्थापन झाले. पूजेच्या किंवा आसनाच्या नावाखाली मृगाजिन विकणेही बेकायदा असल्याने जपध्यानासाठी दर्भाची, लोकरीची वा सुती आसने वापरली जातात. यज्ञभूमीची खूण मानल्या गेलेल्या काळविटाचे गवताळ प्रदेशातील अस्तित्व टिकविणे हा आता त्याच्या कातड्यापेक्षा महत्त्वाचा प्रश्न झाला आहे.